बारशाआधीची तपासणी

आमचे हे चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीत, म्हणजे माल तपासायच्या खात्यात होते. हे रिटायर झाले, पण ह्यांच्यातली क्वालिटी काही रिटायर झाली नाही. टोमॅटो घेतानासुद्धा एकेक उजेडाकडे धरून बघतात आणि मंडईत आमच्यामागे रांग लागते. माझ्या पोळ्यांना अजून फूटपट्टी लावलेली नाही, एवढे त्यांचे उपकार.

नातीचं बारसं ठरलं तेव्हा सुनेचा तळेगावहून, तिच्या माहेरून, फोन आला. बाळ दिवस भरायच्या आधीच जन्मलेलं, बरेच दिवस काचेच्या पेटीत काढून घरी आलेलं. आम्ही तिला फक्त फोनवर पाहिलं होतं. सून चाचरत म्हणाली, "आई, डॉक्टरांनी सांगितलंय, बाळाजवळ येणाऱ्या प्रत्येकाचा कोरोनाचा बूस्टर झालेला हवा. आणि निघायच्या आधी घरी टेस्ट करून या. राग नका मानू." राग कसला? त्या पोरीला मांडीवर घ्यायला मिळणार असेल, तर मी हत्तीला देतात ते इंजेक्शनही घेतलं असतं.

बूस्टरसाठी आम्ही राहतो त्या चिखलीतल्याच पालिकेच्या दवाखान्यात गेलो. ह्यांनी नर्सबाईंकडून बाटली मागून घेतली, चष्मा कपाळावर चढवला, बॅच नंबर वाचला, एक्सपायरी वाचली, वर फ्रिजचं तापमानही विचारलं. नर्सबाई जुन्या गावातल्या. त्या म्हणाल्या, "काका, औषध चांगलं हाय. तुमी हात तेवढा ढिला सोडा, न्हाईतर सुई वाकंल." रांगेतले सगळे हसले. ह्यांनी हात ढिला सोडला, पण बॅच नंबर लिहून घेतल्याशिवाय उठले नाहीत.

बारशाच्या दिवशी सकाळी मी जरीची साडी काढून ठेवली होती. अंगडी-टोपडी, कुंची, चांदीचे वाळे पिशवीत भरून तयार होते. ह्यांना दोन दिवस खोकला होता, त्यामुळे धाकधूक होती ती ह्यांचीच. मी ठणठणीत होते. ह्यांनी टेबलावर पेपर पसरला, एकाच बॅचची दोन किटं मांडली आणि म्हणाले, "आधी तू कर."

"मी कशाला? खोकताय तुम्ही!"

तेव्हा मला समजावून सांगण्यात आलं, की शिफ्ट सुरू झाली की कोणतंही गेज, म्हणजे माप घ्यायचं साधन, आधी मास्टर पीसवर तपासतात. मास्टर पीस म्हणजे ज्यात खोट नाही हे पक्कं माहीत आहे, असा नग. त्याच्यावर गेज बरोबर निघालं, तरच बाकीच्या मालाला लावायचं. "तुला काही झालेलं नाही, म्हणजे तू मास्टर."

"अहो, किटवर ती 'सी'ची रेघ येते ना, किट चालतंय हे सांगायला?"

"स्वतःचं सर्टिफिकेट स्वतःच द्यायचं? आमच्याकडे असलं चालत नव्हतं."

वाद घालण्यापेक्षा नाकात काडी घालणं सोपं होतं. मी घातली, शिंकले, थेंब टाकले. थोड्या वेळाने पाहिलं तर दोन रेघा.

"किट रिजेक्ट," हे म्हणाले.

"मीच पॉझिटिव्ह असेन हो."

"शक्य नाही. मास्टर चुकत नसतो."

इतक्या वर्षांच्या संसारात माझ्याबद्दल इतकं चांगलं हे कधी बोलले नव्हते, आणि बोलले ते नेमके मी नापास झाल्यावर. मग त्यांनी स्वतःची टेस्ट केली, त्यात एकच रेघ आली. त्यांना ते आणखीच पटेना. चपला अडकवून ते दुसऱ्या दुकानातून दुसऱ्या कंपनीचं किट घेऊन आले. त्यातही माझ्या दोन रेघा आल्या, आणि दुसरी तर चांगली ठसठशीत.

मग मात्र मला रडूच आलं. जरीच्या साडीकडे बघवेना. मी पदराने नाक-तोंड झाकून म्हटलं, "तुम्ही तरी जा. तुमची एकच रेघ आहे. एकाने तरी तिला बघावं."

ह्यांनी मुलाला फोन लावला. "अरे, मास्टरच फेल गेला. म्हणजे त्याच्यावर पास केलेला सगळा माल होल्डवर. आम्ही दोघंही येत नाही."

"बाबा, म्हणजे काय?"

"म्हणजे तुझ्या आईला झालाय, आणि मी तिच्या पानाशेजारी बसून जेवतो. एवढ्याशा जिवाजवळ मी येणार नाही."

दुपारी बारसं व्हिडिओ कॉलवर बघायला मी बेडरूमच्या बंद दाराआड मोबाइल उशीला टेकवून बसले, हे बाहेर हॉलमध्ये त्यांचा मोबाइल घेऊन. पाळणा म्हणून झाला. आमची लेक, म्हणजे बाळाची आत्या, वाकली आणि तिने कानात नाव सांगितलं. बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. त्या गलक्याने बाळ दचकलं आणि रडायला लागलं. केवढासा आवाज तो! माझे हात आपोआप पुढे झाले आणि मोबाइल उशीवरून गडगडत खाली गेला.

मी तो उचलत होते, तेवढ्यात दारापलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. एकदा, मग पुन्हा.

"अहो," मी घाबरून ओरडले, "सर्दी झाली वाटतं! परत टेस्ट करा बघू."

पलीकडून हे म्हणाले, "सर्दी नाही गं ही."