द्वारकाबाईंची आमरी

द्वारकाबाई माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या रागानेच. किन्हीराजा गावाच्या वाटेवर त्यांचा वांगी-मेथीचा मळा होता आणि मी जवळच्या शाळेत नवा विज्ञानशिक्षक. आवारातल्या आंब्यावर जाड पानांची, पांढरी मुळं लोंबणारी रोपं होती. बांडगुळं समजून मी ती बांबूने ओढून काढत होतो. डोक्यावरच्या मेथीच्या पाटीसकट बाई आत शिरल्या.

"काहून तोडता, सर?"

"आंब्याचा रस पितात."

"तुमी पायलं पिताना?"

त्यांनी पाटी उतरवली आणि रोपासकट खाली पडलेल्या फांदीची साल विळ्याने सोलली. मुळं सालीला नुसती चिकटलेली. आत एकही शिरलेलं नव्हतं. "बसाले जागा मांगते फक्त," त्या म्हणाल्या. घरी जाऊन मी पुस्तक उघडलं. ती आमरी होती, म्हणजे ऑर्किड; झाडावर राहते, पण त्याचा रस पीत नाही.

मग शनिवारी शाळा सुटली की मी मळ्यावर जाऊ लागलो. बाई सही करण्यापुरत्याच शिकलेल्या, पण त्यांचे प्रश्न संपत नसत. याच फुलाले वास काहून, त्याले काहून नाही? एवढ्या फुलांत शेंग एकीलेच काहून? माझ्याकडे उत्तर नसलं की त्या खूश होत. "चला, म्हंजे अजून पाहाले हाय."

शहरातला एक रोपवाटिकावाला गॅलरीत टांगायला रोपं मागायला आला. "झाडबी नेता का संग?" त्यांनी विचारलं. तो हसला. त्या हसल्या नाहीत.

रस्ता रुंद करायला कडेची जुनी आंब्याची झाडं तोडायला घेतली, तेव्हा त्या मजुरांपुढे उभ्या राहिल्या. "झाड तुमचं, दादा. वरची पाहुनी माही हाय. तिले उतरवू द्या." मजुरांनी दुपारभर फांद्या दोरीने अलगद खाली सोडल्या. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी आम्ही नऊ रोपं बांधावरच्या मोहाच्या झाडावर बांधली. त्यांचा धाकटा मुलगा गजानन हसत बघत होता. पाच रोपं वाळली. प्रत्येक रोपापाशी थांबून बाई म्हणत, "कुठं चुकलो आपन?"

तिसऱ्या उन्हाळ्यात एका आमरीला फुलं आली, शेंग धरली आणि पुढे हिवाळ्यात ती उकलली. पिठासारखं बी वाऱ्यावर उडालं.

"आता कुठं उगवेल?" मी विचारलं.

"तिले जमन तिथं. आपन झाडं राखाची."

तोच हिवाळा त्यांचा शेवटचा ठरला. छातीत कफ भरल्याचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात त्या गेल्या.

गेल्या महिन्यात ट्रॅक्टर वळवायला अडतो म्हणून शेजारी कुऱ्हाड घेऊनच आला आणि गजाननला बांधावरचा कडुनिंब तोडायला सांगू लागला. गजाननने कुऱ्हाड घेतली, पण ती खाली ठेवून आधी वर चढला. तासभर एकेक फांदी बघून खाली उतरला.

"सापडलं काही?" मी विचारलं.

"नाही. पन बी लय बारीक रायते, सर," शेजाऱ्याच्या हातात कुऱ्हाड परत देत तो म्हणाला. "अजून दोन-चार साल पाहाले लागन."