पंगतीतल्या दोन खुर्च्या

"मास्तरांचे शरीर पिळदार होते, परंतु वजने उचलून उचलून ते लाकडासारखे ताठ झाले. अखेरीस त्यांना पंगतीत मांडी घालून बसणेही अशक्य झाले व खुर्ची घ्यावी लागली. व्यायामाच्या अतिरेकाचा हा धडा आम्हां सर्वांसाठी होता."

हा मजकूर कलकत्त्यातील आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत छापून आला आहे. लिहिणारे गृहस्थ बँकेच्या बदलीवर चार वर्षे येथे होते आणि त्यांपैकी तीन वर्षे मंडळाचे चिटणीस होते. मी येथेच जन्मलो, गणपतीच्या पंगतीत चाळीस वर्षे वाढपी होतो, आणि सभागृहाची किल्ली माझ्याकडे होती. कोणी काय पाहिले याचा निवाडा वाचकांनीच करावा. मास्तर उत्तर द्यायला आता नाहीत. असते तरी त्यांनी दिले नसते.

मास्तर हे शाळेतले नव्हेत. हावड्याच्या एका कारखान्यात ते यंत्रांचे नकाशे काढत, आणि सकाळी कामावर जाण्यापूर्वी मंडळाच्या सभागृहात व्यायामाचा वर्ग घेत, म्हणून मास्तर. वर्गाची वजने त्यांनी हावड्यातच ओतून घेतली होती. ती पोत्यांत भरून नदीपार आणताना लाँचवरचा तिकीटवाला म्हणाला, "लॉन्च डुबे जाबे, दादा." मास्तर त्याला म्हणाले, "मग आम्ही उचलून नेऊ." कोणत्या भाषेत म्हणाले ते विचारू नका, त्यांचे बंगाली वीस वर्षांनंतरही मराठीच होते.

वर्गाचा नियम एकच होता. वजन खाली ठेवले की पाय पसरून बसायचे, अंगठे धरायचे आणि कपाळ गुडघ्यांना टेकवायचे. टेकले नाही तरी टेकवण्याच्या बेतात राहायचे. मास्तर सावकाश शंभरापर्यंत मोजत आणि म्हणत, "आखडलेलं घरी न्यायचं नाही." कोणाचा दंड वाढला म्हणून त्यांनी कौतुक केल्याचे मला स्मरत नाही. "दंड दिसतोय," ते म्हणत, "स्वतःच्या पाठीला साबण लावता येतो का, ते सांगा."

हे चिटणीस एके दिवशी शेवटचे बसणे टाळून निघाले. मास्तर दारात उभे होते.

"साहेब, आखडलेलं घरी न्यायचं नाही."

"मी घरी नाही, बँकेत चाललोय."

"तिथं तर मुळीच नाही."

साहेब टायसकट सतरंजीवर बसले. मास्तरांनी मोजले. ट्राम गेली. स्मरणिकेतल्या लेखात हा प्रसंग नाही.

मास्तर तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. पाटावर बसताना वा उठताना त्यांचा हात कधी जमिनीला लागत नसे. मी वाढायला वाकलो की माझा एक हात आपोआप गुडघ्यावर जाई, आणि पानावरून ते हळूच म्हणत, "आजोबा, सांभाळून." मी त्यांच्याहून अकरा वर्षांनी लहान होतो.

पुढे वहिनींना, म्हणजे मास्तरांच्या पत्नीला, संधिवाताने धरले. त्यांचे गुडघे दुमडेनासे झाले. त्या वर्षीच्या पंगतीत मी भिंतीकडेला एक खुर्ची आणि स्टूल मांडले. त्यांनी दोन घास खाल्ले आणि पान तसेच ठेवले. दुसऱ्या वर्षी त्या आल्याच नाहीत. मी कारण विचारले.

"भावजी, खाली सगळ्यांची डोकी आणि वर मी एकटी," त्या म्हणाल्या. "गणपतीनंतर मीच उंच."

तिसऱ्या वर्षी मास्तर पंगतीच्या आधी माझ्याकडे आले. वहिनी त्यांच्या मागे, काठी टेकत.

"या खेपेला दोन मांड."

"दुसरी कोणाला?"

"मला. माझेही गुडघे गेले," मास्तर इतक्या मोठ्याने म्हणाले की स्वयंपाकघरातून माणसे बाहेर आली. मग ते खुर्चीवर बसले, कण्हल्यासारखे काहीतरी केले, आणि ते त्यांना चांगले जमले नाही. वहिनींनी त्या दिवशी पान स्वच्छ केले. मी वरण घेऊन गेलो तेव्हा त्या गंभीरपणे म्हणाल्या, "भावजी, यांच्या गुडघ्यांना तूप जरा जास्त वाढा."

त्यानंतर घरीही जेवणाचे टेबल आले. वर्गात मास्तरांनी स्वतः करून दाखवणे सोडले, कारण वर्गातल्यांच्या बायका वहिनींकडे येत-जात. मात्र किल्ली ते माझ्याकडून अर्धा तास आधीच नेऊ लागले. एकदा मी छत्री विसरलो होतो म्हणून त्या वेळी आत गेलो. शेजारी लोखंड, आणि सतरंजीवर मास्तर पाय पसरून, कपाळ गुडघ्यांना टेकवून.

"काही पाहिलं नाहीस," ते मान न उचलता म्हणाले.

"चष्मा घरी राहिलाय," मी म्हणालो.

वर्गात वीसजण होते, त्यांचे सहा झाले. ज्याचे स्वतःचेच गुडघे गेले, त्याच्याकडे गुडघे घेऊन कोण जाणार? मग सर्वसाधारण सभेत चिटणिसांनी प्रस्ताव आणला, की वजने मोडीत काढावीत आणि त्या जागी टेबलटेनिस सुरू करावे. आम्ही सारे सतरंजीवर होतो. मागे दोन खुर्च्यांवर मास्तर आणि वहिनी.

"मास्तरांनी इथे, आत्ता, मांडी घालून दाखवावी," चिटणीस म्हणाले. "मी प्रस्ताव मागे घेतो."

मास्तरांनी त्या लोखंडाकडे पाहिले. वहिनी पदराशी चाळा करीत होत्या.

"नाही जमायचं," मास्तर म्हणाले.

मी उठलो. मास्तरांनी माझ्याकडे फक्त पाहिले. मी बसलो. वाद न घालता मी खाली बसलो अशी आयुष्यातली ही एकच सभा. वजने पुन्हा नदीपार गेली, या वेळी भंगारात.

चिटणिसांची त्याच उन्हाळ्यात नागपूरला बदली झाली. वहिनी पुढच्या वर्षी गेल्या. त्यांचे वर्षश्राद्ध झाल्यावर जो गणपती आला, त्या पंगतीत मी सवयीने दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. मास्तर आले, त्यांनी दोन्ही खुर्च्या मिटून भिंतीला लावल्या आणि डमडमहून आलेल्या मंडळींच्या शेजारी एका पाटावर बसले. तूप मी नेहमीइतकेच वाढले.

माझ्या शब्दावर कोणी विसंबू नये; मी चष्मा घरी विसरणारा माणूस. पण सभागृह भरलेले होते, आणि त्यांतले काहीजण अजून आहेत. आपली पत्रावळ आपण उचलायची, अशी आमच्या मंडळाची रीत आहे. जेवण झाल्यावर मास्तर पाटावरून उठले, तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत पत्रावळ होती.