सारवलेली गाडीवाट

सन एकोणीसशे एकोणसाठ. मी सत्तावीस वर्षांचा. शाळा दुसरीतच सुटली होती, पण बैलजोडी माझी स्वतःची होती, आणि तांड्यात माझ्याएवढा हट्टी माणूस दुसरा नव्हता. हे मी नाही, माझी बायको सांगायची.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा घाटंजीच्या बाजूचा. बाजारगावात शिरायला आमची एकच गाडीवाट. तिच्या दोन्ही अंगाला एका शेठजींच्या कापसाच्या जिनिंगची आवारं. शेठजींना ती दोन्ही वाटेसकट एका भिंतीत घ्यायची होती. त्यांनी नगरपालिकेत अर्ज टाकला, ही वाट कोणी वापरत नाही, बंद करून द्यावी. वाट गेली असती तर आम्हाला नाल्यातून फिरून यावं लागलं असतं. तिथली काळी माती भिजली की भरली गाडी आसापर्यंत रुतते. आमचे आजे-पणजे लादलेले बैल घेऊन याच वाटेनं जात. तेव्हा जिनिंग नव्हती आणि शेठजीही नव्हते.

नगरपालिकेचे अध्यक्ष स्वतः वाट पाहायला येणार असं कळलं. तांड्याचा नायक म्हणाला, साहेब आपले पाव्हणे. आमच्यात पाव्हणा येणार असला की अंगण सारवतात, आणि त्याचं पाऊल पडेपर्यंत त्यावर कोणी पाय देत नाही. बायांनी सकाळीच चाकोऱ्या बुजवून सगळी वाट शेणानं सारवून काढली. गाड्या आम्ही नाल्यातून फिरवल्या. मीही फिरवली, अन् बैलांना फुकटच्या शिव्या दिल्या.

दुपारी अध्यक्ष आले. वाटेवर चाकाची एक रेघ नव्हती. शेठजींनी नाल्याकडं बोट केलं. आमच्या गाड्या तिकडूनच वर चढत होत्या.

"पाहा साहेब. मी काय वेगळं सांगून राह्यलो होतो?"

अध्यक्षांनी मान हलवली. नायक खाली पाहू लागला. मी गाडीवरून उतरून पुढं झालो. नायकानं माझा सदरा मागून ओढला, तो मी सोडवून घेतला.

"साहेब, पाव्हना येनार म्हून आंगन सारवलं, तं त्या घरात कोनी राहतच नाही काय?"

मागून एक म्हातारी बोलली, "अन् एवढं शेन काय शेठच्या मशीननं टाकलं?"

बाया हसल्या. अध्यक्षही हसले, पण निकाल दिला नाही. उद्या सकाळी परत येतो, मग ठरवू, म्हणाले. मग मला विचारलं, "तू येशील ना या वाटेनं?"

"मी तं रोजच येतो, साहेब. तुम्हीच नवे आहा."

संध्याकाळी नायकानं ठरवलं, सकाळी सगळ्या गाड्या काढायच्या, रिकाम्यासुद्धा. मी अडून बसलो. ज्याला काम आहे तोच जाईल. वाट आपली आहे, मग तमाशा कायले? बरीच बाचाबाची झाली. शेवटी चाललं माझंच.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कापसाची भरली गाडी जुंपली. त्या सारवणावर पहिलं चाक माझं उमटलं. वाटेच्या मधोमध अध्यक्ष अन् शेठजी उभे होते. मी बैल थांबवले नाहीत. बसल्या जागेवरून म्हटलं, "बाजूले व्हा, साहेब. गाडी भरली आहे."

दोघंही जिनिंगच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले. गाडी पुढं गेल्यावर मागून अध्यक्षांचा आवाज आला, "शेठजी, अर्ज परत घ्या."

मी वळून पाहिलं नाही. बैल हाकत बाजारात गेलो.