हाकामारीला ओ दिली तेव्हा...

परवा ओंकारने अंबडजवळच्या शेतात बांधलेली पत्र्याची केबिन दाखवायला नेलं. तिथे अजून लाईट नाही, म्हणून थंडीसाठी सिलिंडरवरचा हीटर आणलाय. पठ्ठ्याने खिडक्या घट्ट लावल्या, हीटर पेटवला आणि म्हणाला, "बघ मावशीआजी, धूर न्हाई का वास न्हाई!"

मी उठले आणि बाहेर जाऊन बसले. तो रुसला. रुसू दे... धूर नाही, वास नाही, याचीच तर मला भीती वाटते.

माझं वय ब्याण्णव. सांगतेय मी, टाइप करतोय ओंकार. आता निमूट लिहायचं, एक शब्द गाळायचा नाही.

निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं होती. गावात उंदीर मरून पडायला लागले, म्हणजे प्लेग. सगळं गाव घरं सोडून शेतात झोपड्या घालून राहिलं. माझी थोरली बहीण बाळंतपणाला आली होती, तिला मुलगा झाला तो झोपडीतच, ऐन पौषात.

बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही हा आईचा दंडक. तिने कुडाच्या फटींत चिंध्या कोंबल्या, दाराला आतून गोधडी लावली आणि ताईच्या बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली. कोळसा छान फुललेला, धुराचं नाव नाही. सोबतीला आत मी, तेरा-चौदा वर्षांची.

तिसऱ्या दिवशी ताई म्हणाली, "कौसे, कोपऱ्यात ती बाई कव्हाची उभीय गं?"

कोपऱ्यात फक्त कोंबडीची पिलं झाकलेली डालगी होती. पण खरं सांगते, थोड्या वेळाने मलाही तिथे लुगड्याचा काठ दिसला... डोकं जड झालेलं, कानात घूं घूं, आणि त्या कोपऱ्याकडे पाठ करायची हिंमत होईना.

सकाळी डालगी उचलली तर सगळी पिलं मेलेली. जखम नाही, रक्त नाही, निजल्यासारखी पडलेली. आईचं धाबंच दणाणलं. "पिलं नेली, आता लेकरावर डोळा हाये तिचा," एवढंच ती पुटपुटली.

ती म्हणजे हाकामारी. ओळखीच्या आवाजात नावाने हाक मारते, आपण ओ दिली की संपलं. आईने उरल्यासुरल्या फटी बुजवल्या, शेगडीत दुप्पट कोळसे घातले, वर लोबान टाकला. मला बजावलं, "कोनी बी हाक मारू दे, ओ द्यायची न्हाई. बिलकुल न्हाई."

दुपारी ती धुणं घेऊन विहिरीवर गेली. आभाळ भरून आलेलं, बाहेर बोचरं वारं. आणि हाक आली.

"कौसे..."

आवाज ओळखीचा, पण विहिरीच्या तळातून यावा तसा. मी तोंडावर हात दाबून बसले. दुसरी हाक आली, मी गप्प.

ताईला हलवलं. ताई उठेना. गाल लालबुंद, ओठ अर्धवट उघडे... बाळ रडायचं सोडाच, हलतही नव्हतं.

तिसरी हाक आली. मला वाटलं, हिला एकच जीव हवाय ना, मग माझा घेऊ दे, या दोघांना सोडू दे. मी रडत "ओ" म्हणाले, कडी काढली आणि उंबऱ्यावरच कोसळले.

बाहेर रहीमचाचा होते, आमच्या गावचे कल्हईवाले. आईची भांडी परत द्यायला आले होते. दाराशी टाकलेली पिलं आणि त्या बुजवलेल्या फटी बघून कोळशाशी जन्म काढलेल्या माणसाला काय ते कळलं. बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष जात नाही... चाचा गेले. आधी बाळ आणलं, मग ताईला बाजेसकट ओढून बाहेर काढलं.

आई बोंबलत धावत आली. चाचा तिला म्हणाले, "भूत न्हाई माय, कोयला हाये. बंद खोलीत मानूस झोपेतच जातो. माझा भाई असाच गेल्ता."

तेवढ्यात वारं लागून बाळ शिंकलं... आणि रडलं. त्या वाऱ्यालाच आम्ही तीन दिवस दाराबाहेर ठेवलं होतं! ताई दोन दिवस ओकत होती, पण वाचली.

कार्बन मोनॉक्साइड हे नाव मला फार उशिरा, एका डॉक्टरांकडून कळलं. तो कोळशातूनही येतो आणि गॅसच्या हीटरमधूनही, आणि येताना कुणाला कळत नाही. ओंकारने काल केबिनच्या पत्र्याला वर आणि खाली जाळ्या बसवल्या, झोपताना हीटर बंद करायचंही कबूल केलंय. करेलच, कारण ते शिंकलेलं बाळ म्हणजे त्याचा आजोबा.

दोन हाकांना मी ओ दिली नव्हती. चाचा, तरी तुम्ही तिसरी मारलीत... तुमचे उपकार आमच्या चार पिढ्यांवर आहेत.