खालच्या मजल्यापुरती परवानगी

लेकानं मावला गावात नवं घर बांधलं. वरच्या मजल्यावर देवघर अन् त्याला लागून माझी खोली. "आई, वर निवांत राहशीन," म्हणे. मी हो म्हटलं खरं, पण मला त्या निवांतपणाचीच धास्ती होती. आमचे हे गेल्यापासून मला घरातला गलबला लागते.

वास्तुशांतीचा मुहूर्त तोंडावर आला तरी जिन्याला कठडा नव्हता. घराची परवानगी देणाऱ्या सरकारी ऑफिसातले साहेब घर पाहून गेले अन् त्यांनी राहायची तात्पुरती परवानगी दिली, पण कठडा होईपर्यंत खालीच राहायचं. मंग दूध खालीच उतू घातलं. देवही स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसवले अन् त्यांच्याजवळ माझी खाट टाकली.

पुढं कठडा झाला, पक्की परवानगी आली. लेक माझी गादी वर न्यायला निघाला.

"अन् देव?" मी इचारलं.

"वास्तुशांतीला बसवलेले देव हलवत नाही, तूच तर सांगतेस."

"मंग मी एकटीच वर काऊन जाऊ?"

सून कणीक मळतामळता हसली. "राहू द्या हो आईंना खालीच. भाजीत मीठ कमी हाये, हे मला मंग कोण सांगन?"

लेकानं गादी खाली ठेवली. त्याचा इचार बदलायच्या आत मी तिच्यावर बसून घेतलं.