आधी खोट सांगणारा विक्रेता

या शहरात आजवर ज्यांनी ज्यांनी काही विकायला म्हणून दुकानाची पायरी चढली असेल, त्या सर्वांत नालायक विक्रेते म्हणजे आमच्या इमारतीतले, माझ्या बरोबर खालच्या घरात राहणारे माझे शेजारी होते. हे विधान मी पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दबावाखाली न येता करीत आहे. गळ्यात पिशवी, पायांत वाळूजच्या कारखान्यातून मिळालेले जुने सेफ्टी बूट आणि डोक्याला पांढरा रुमाल अशा वेशात ते मोबाईलच्या दुकानात शिरत, पिशवीतून माल काढून काचेवर ठेवीत, आणि दुकानदाराने तो हातात घेण्याआधीच म्हणत, "शेठ, ह्याच्यात एक खोट हाय. ती आधी ऐका." दुकानदार मालाकडे बघायचे सोडून त्यांच्याकडे बघू लागे. शहागंजच्या बाजारातल्या एकाने तर आतल्या माणसाला हाक मारून बोलावले आणि म्हणाला, "अरे, बाहर आओ, ये चाचा को सुनो."

माल म्हणजे मोटारसायकलच्या हँडलवर मोबाईल धरून ठेवणारा होल्डर. पत्र्याचे दोन हात, मध्ये स्प्रिंग आणि आतून रबराची पट्टी. शेजाऱ्यांनी तीस वर्षे वाळूजला पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर काढली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी तिथेच एका भाड्याच्या शेडमध्ये जुना प्रेस टाकला आणि हा होल्डर स्वतःच्या डोक्याने तयार केला. पकड इतकी घट्ट की फोन काढताना दोन्ही हात लावावे लागत. खोट होती ती रबरात. "वैशाखातल्या उन्हात गाडी घंटाभर उभी राहिली की रबर मऊ पडतंय," ते सांगत. "मग खड्डा आला की फोन निसटतोय. म्हणून गाडी उन्हात लावली की फोन काढून घ्यायचा. एवढं गिऱ्हाईकाला सांगनार असाल, तरच ठेवा." चांगल्या रबराच्या शोधात ते होतेच, परंतु ते मिळेपर्यंत थांबण्यास परिस्थिती तयार नव्हती.

ही रीत त्यांनी कोणत्याही विक्रीशास्त्राच्या पुस्तकातून घेतलेली नव्हती. त्यांचे घराणे बिडकीनकडचे, मेंढपाळांचे. त्यांच्या वडिलांचा नियम असा की बाजारात मेंढरू विकायला उभे केले की आधी त्याची खोट सांगायची, एखादे लंगडते, एखादे ओलीत खोकते, आणि मग रुमालाखाली हात देऊन बोटांनी भाव ठरवायचा. होल्डरच्या खोक्यावरही शेजाऱ्यांनी हौसेने मेंढीचे चित्र छापून घेतले होते. त्यामुळे निम्मे दुकानदार आत स्वेटर आहे असे समजत, आणि उरलेले निम्मे, होल्डर पाहून झाल्यावरही, मेंढीचे प्रयोजन विचारीत. "ती आमची हाय," एवढेच उत्तर मिळे.

आमची ओळख पाण्यामुळे झाली; म्हणजे पाणी नसल्यामुळे. ती दुष्काळाची वर्षे होती. शहर चहूबाजूंनी वाढत होते, नव्या वसाहतींची उद्घाटने होत होती, आणि नळाला पाणी आठव्या दिवशी, तेही सांगितलेली वेळ टाळून येत होते. पाटबंधारे खात्याच्या विधी शाखेत उभी नोकरी केलेल्या मला हे मुकाट्याने सोसणे शक्य नव्हते. संबंधित कार्यालयास मी पंधरवड्याला एक अर्ज धाडीत असे, आणि प्रत्येक अर्जावर साक्षीदार म्हणून शेजाऱ्यांची सही असे. मी आयुष्यात वकिली केलेली नाही, तरी ते मला 'वकीलसाहेब' म्हणत. सही करण्यापूर्वी दर वेळी ते एकच प्रश्न विचारीत: "वकीलसाहेब, ह्याच्यात आपली चूक काय, ते लिवलं का?"

"आपली कसली चूक?" मी संतापून विचारी.

"वरची टाकी गळतीय की आपली. दोन महिने झाले."

"तो या अर्जाचा विषय नाही!"

"व्हय का," म्हणून ते सही करीत. पुढच्या रविवारी मात्र स्वतः गच्चीवर चढून टाकीची गळती बुजवीत, आणि वरूनच ओरडून मला कळवीत की आता पुढचा अर्ज जरा जोरात लिहायला हरकत नाही.

त्यांच्याबरोबर मोटारसायकलवर मागे बसून जाण्याचा योग मला अनेकदा आला. होल्डरची परीक्षा घेण्यासाठी ते चांगला रस्ता सोडून मुद्दाम खोदलेल्या रस्त्याने जात, आणि प्रत्येक खड्ड्यानंतर गाडी थांबवून "धरला का रं?" असे होल्डरला विचारीत. माझी हाडे कोणी धरली, याची चौकशी होत नसे. दुकानांचे पत्ते त्यांच्या वहीत रस्त्यांच्या नावांनी नव्हते. एका झगझगीत मोबाईलच्या दुकानापुढे 'बाभळीचं बसण' असे लिहिले होते, दुसऱ्यापुढे 'जिथं कोकरू हरवलं'. आज जिथे चौपदरी रस्ता आणि काचेच्या इमारती आहेत, तिथे त्यांच्या लहानपणी त्यांची मेंढरे बसत. "हे सगळं आमचं रान," ते हात फिरवून म्हणत. मालकीचा कागद मी विचारला, तेव्हा मात्र हसले. "मेंढरं चारायला कागुद लागत नाय, वकीलसाहेब. पाऊस लागतो."

तो पाऊसच दोन वर्षे झाला नाही. त्यांच्या थोरल्या भावाने चारापाण्याअभावी सगळा कळप विकला. ज्या दिवशी शेवटची मेंढी गेली, त्या दिवशी शेजारी गावी जाऊन भावाला आणि वहिनीला वाळूजच्या शेडमध्ये घेऊन आले. भाऊ रबराच्या पट्ट्या कापी, वहिनी खोकी भरी. पासष्टीचा तो माणूस काम करता करता अधूनमधून दारात जाऊन उभा राही आणि लांबवर बघे. पुण्याला एका मोठ्या गृहसंकुलात रखवालदाराची जागा असल्याचा निरोप त्याला आला होता. "दादा उभा जन्म उघड्यावर राहिलेला मानूस," शेजारी एकदा मला म्हणाले, "त्याला गेटाच्या पेटीत बसवायचा नाय. हे होल्डर खपले, तर दादा हितं राहतो. न्हाईतर जातो. बास, एवढाच हिशेब हाय."

म्हणून शहागंजातल्या एका ठोक व्यापाऱ्याने जेव्हा मोठी मागणी नोंदवली, तेव्हा आमच्या इमारतीत मला जितका आनंद झाला तितका कोणालाच झाला नसेल. हा व्यापारी म्हणजे पांढऱ्या दाढीचा, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारा वृद्ध गृहस्थ. शेजाऱ्यांची 'आधी खोट' ही रीत पहिल्याच दिवशी त्याच्या मनात भरली होती. "चालीस बरस से धंदा कर रा मैं," तो मला म्हणाला, "पहला आदमी देखा जो ऐब पहले बोलता. इनका माल मैं आँख बंद करके लेता." आता तो माल जालना, बीड, परभणीच्या लहान दुकानदारांकडे पाठवणार होता. तिथे खोट सांगायला शेजारी हजर असणार नव्हते. तेव्हा प्रत्येक खोक्यात एक छापील पत्रक घालायचे ठरले, आणि त्याचा मसुदा माझ्याकडे आला.

शेजाऱ्यांनी सांगितलेली पहिली ओळ होती: 'ह्याच्यात एक खोट आहे.' मी ती लाल शाईने खोडली. आपल्याच मालाचा दोष आपल्याच सहीने कबूल करणे हा कोणत्याही न्यायालयात आपल्याविरुद्ध पुरावा ठरतो, स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कायदा कोणावरही करीत नाही, आणि जालन्याचा दुकानदार ती ओळ वाचून खोके उघडणारसुद्धा नाही, असे तीन मुद्दे मी त्यांच्यापुढे क्रमवार मांडले. ते माझ्या टेबलाजवळ उभे होते. त्यांनी त्या तांबड्या रेघेवर बोट ठेवले.

"मेंढरू मुकं असतंय, वकीलसाहेब," ते म्हणाले. "त्याची खोट मालकानंच सांगायची असती."

"हे मेंढरू नाही. आणि तुम्हाला भाऊ इथे ठेवायचा आहे की नाही?"

हा चौथा मुद्दा मी मांडायला नको होता. त्यांनी डोक्याचा रुमाल काढला, घडी केली, पुन्हा बांधला. "ठीक हाय," म्हणाले. "दादासाठी म्हनून." माझा मसुदा छापला गेला. भाषा निर्दोष होती. त्यात सगळे काही होते, फक्त उन्हाचा उल्लेख नव्हता.

तो उन्हाळा कसा होता हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगण्याची आवश्यकता नाही. टँकरच्या रांगेत, बाजारात, तहसिलीपुढे मोटारसायकली तासन्‌तास उन्हात उभ्या राहिल्या, आणि मग खड्डे आले. वैशाख संपण्याआधी शहागंजात पोत्यांनी माल परत आला. फुटक्या फोनचे फोटोही आले. त्या दिवशी मी शेजाऱ्यांबरोबर दुकानात गेलो नाही. मला ताप होता, असे मी सांगितले; ते खोटे होते. त्यांनी सगळी पोती स्वतः उचलून आणली, आणि पुढचे दोन महिने गावोगावच्या त्या दुकानदारांना शोधून, प्रत्येकाच्या दारात उभे राहून, न सांगितलेली खोट सांगून आले. माझ्याकडे तक्रारीचा एक शब्द आला नाही. उलट पाण्याच्या पुढच्या अर्जावर सही करताना त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही, आणि त्या न विचारलेल्या प्रश्नाने मी रात्रंदिवस जळत राहिलो.

शेड बंद झाली. भाऊ पुण्याला गेला. त्याला त्या गृहसंकुलाच्या गेटापर्यंत पोचवून आल्यावर शेजारी आमच्या जिन्यात बसले आणि म्हणाले, "त्यांनी दादाला शिट्टी दिलीया. नवी हाय." तो पावसाळा चांगला झाला. दिवाळीनंतर एका सकाळी, नळाला पाणी आलेले असताना, भरत्या बादलीजवळच कोसळून ते गेले. पाणी बराच वेळ वाहत होते. मी वरून त्याबद्दल ओरडलोही होतो.

आयुष्यात मी शेकडो पत्रे लिहिली. एकाही पत्रात स्वतःचा दोष लिहिला नाही. या उन्हाळ्यात मी तसे पहिले पत्र लिहिले, शहागंजातल्या त्या व्यापाऱ्याला. पत्रकातली ती ओळ मी खोडली, शेजारी लिहायला सांगत होते, सबब त्यांच्या शब्दाला लागलेला बट्टा पुसून टाकावा, असे त्यात नमूद केले आणि भर दुपारी स्वतः नेऊन दिले. वृद्धाने कपाळावरचा चष्मा खाली ओढला, पत्र दोनदा वाचले, आणि माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिले.

"वकीलसाब, ये क्या लिखे आप? उनो तो माल वापस लेने आए तबच बोलके गए ना मेरे कू."

"काय बोलले?"

"बोले, 'वकीलसाब तो ऐब लिखो बोलके पीछे पड़े थे. मैंइच नक्को बोला.'" त्याने कागदाची घडी घालून तो माझ्यापुढे सरकवला. "रखो अपने पास. मेरे पास उनका बोला हुआ है."

मी बाहेर आलो. आत जाण्याच्या घाईत स्कूटर उन्हात लावली होती, आणि फोन तसाच, शेजाऱ्यांनी स्वतः बसवून दिलेल्या होल्डरमध्ये राहिला होता. एरवी त्याला दोन हात लावावे लागतात. मी नुसता हात पुढे केला, आणि तो अलगद माझ्या हातात आला.