उलट्या पिळाची लडी

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी टेक्स्टाइल डिप्लोमावाली बाई. देऊळगाव राजाजवळ माझं छोटं युनिट आहे – गालिच्यांसाठी लोकरीचं सूत बनवतो आम्ही. साधं नाही, मधेच जाड, मधेच बारीक, म्हणजे गालिच्याला उठाव येतो. मशीनवर सुताला पीळ द्यायचा, लड्या बांधायच्या आणि वाफेच्या पेटीत ठेवायच्या. वाफेनं पीळ पक्का बसतो. बसतो म्हणजे बसतोच... उलटा होत नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी जेवणं आटोपून पेटी उघडली. आमच्या शांताबाई लड्या बाहेर काढत होत्या. एक लडी हातात घेऊन त्या थबकल्या.

"मॅडम, हिचा पीळ पहा बरं. डावखुऱ्या बाईनं कातल्यावानी दिसतो."

पाहिलं तर खरंच, अख्खी लडी उलट्या पिळाची! मोटर उलटी फिरली असेल म्हणून मशीन तपासलं. व्यवस्थित होतं. बॉबिनवर उरलेलं सूत बरोबर, बाकीच्या लड्याही बरोबर. आणि ही लडी तर मीच बांधून आत ठेवली होती. माझ्या नजरेतून असलं काही सुटत नाही, हे मी आजही ठामपणे सांगते.

पण 'डावखुरी' म्हटल्यावर माय डोळ्यांसमोर आली. माझी माय सोनाळ्याला एकटीच राहायची. आयुष्यभर घोंगड्यांसाठी लोकर कातली तिनं, डाव्या हातानं. फोन लावला... उचलला नाही. पुन्हा लावला. मग शेजारच्या विमलकाकूंना लावला.

"काकू, मायले जरा पाहून या ना."

"काऊन वं? सकाळी तं बोलली माह्याशी."

"जा ना काकू. आत्ताच जा!"

फोन चालूच होता. कडी वाजवल्याचा आवाज आला, काकूंच्या हाका आल्या... आणि मग किंकाळी. माय न्हाणीत बेशुद्ध पडली होती. काकूंनी माणसं जमवून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर हाती लागली नसती.

दुसऱ्या दिवशी मी उशाशी बसले होते. मायनं डोळे उघडले.

"पोरी, तुह्या कारखान्यात लय गरम होते वं."

मला हसूच आलं. ती युनिटवर कधी आलेलीच नव्हती. "तू कवा आली माय तिथं?"

"काल नाही का... कातत बसली होती ना मी. एवढ्या बाया होत्या, पण मले कोणी पाणी नाही विचारलं."

मी उठले, ग्लास भरला आणि तिच्या ओठांना लावला.